उलटा खिळा

तूर, ९ ऑक्टोबर १९९७

ती. ब्लांदीनताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, रागावू नकोस. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. डाव्या डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही आणि उजव्याचा फार भरवसा धरू नका, असं ते म्हणाले. साखरेने पडदा खाल्ला म्हणे. तुझं अक्षर पहिल्यापासून भोपळ्याएवढं, म्हणून तुझी पत्रं भिंगाखाली धरून अजून वाचता येतात. छापलेलं काही धरलं की मुंग्यांची रांग दिसते, तीही पावसात भिजलेली.

तू ब्रीव्हचं घर सोडायचं मनावर घेतलंस, हे वाचून किती बरं वाटलं ते काय लिहू. फिर्मँभावोजी गेल्यावर तीन वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर एकटीने काढलीस, पुरे झालं. इथे जिने नाहीत. बागेकडची खोली तुझी. खिडकीची फट बुजवून घेतली आहे, शेगडीही झाडून ठेवली आहे. शेजारच्या मादाम रुल्यो म्हणतात की दोन म्हातारी भावंडं एका घरात राहिली तर महिन्याभरात भांड्याला भांडं लागेल. मी म्हटलं, आम्ही पन्नास वर्षं टपालाने भांडतो आहोत, आता तिकिटांचा खर्च वाचेल.

एकच सांगायचं. तुझ्या खोलीच्या एका भिंतीला माझी पुस्तकं आहेत. ती हलवायला आता अंगात बळ नाही. त्यांच्यावर चादर टाकीन, म्हणजे तुला दिसायची नाहीत.

लोभ आहेच, तो येताना बरोबर घेऊन ये.
तुझा,
ऑक्ताव्ह

—

ब्रीव्ह, १५ ऑक्टोबर १९९७

चि. ऑक्ताव्ह यास,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांचं वाचून जीव कासावीस झाला. साखर सोड म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा केला! आता बोलून काय उपयोग, पण बोलते.

आणि चादर टाकणार म्हणे. अरे, चादर मढ्यावर टाकतात. तुझ्याकडे कोणाकोणाची पुस्तकं आहेत ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. देशात जर्मन बसले होते तेव्हा हे लोक त्यांच्या मेजवान्यांना जात होते आणि घरी येऊन आम्हाला शिकवत होते की मान तुकवण्यात कसा मोठेपणा आहे. चांगली माणसं ज्यांची पानं शेकोटीत घालून मोकळी झाली, त्यांची तू पेठा पालथ्या घालून पुस्तकं जमवलीस. तुझ्याकडे तो वास्कालही आहे. रेडिओवर त्याचं ते गोड बोलणं मी विसरलेले नाही, की आमची मुलं हसत जर्मनीला कामाला जातील. फिर्मँला सक्तीने नेलं तेव्हा मी तूरच्या फलाटावर उभी होते. एकही मुलगा हसत नव्हता. त्या कारखान्याच्या धुराने त्याची छाती जी गेली ती गेलीच. पुढे जन्मभर तो उशांना पाठ टेकून बसल्या बसल्या झोपला आणि मी त्याचा खोकला ऐकत पडून राहिले. आता त्या वास्कालशेजारी मी झोपू?

आपले बाबा कामाला होते त्या छापखान्यात असली पुस्तकं छापली जायची, बाबांनीच त्यांची अक्षरं जुळवली, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. पण बाबांनी पोटासाठी केलं, तू हौसेसाठी करतोस. थकले रे मी. भांडायचंसुद्धा त्राण नाही. पण पुस्तकं असतील तर मी येणार नाही, हे नक्की समज.

बाबांवरून आठवलं, स्वयंपाकघरात माझ्या नावाचं ते चिठोरं अजून आहे का? छापखान्यात नवं यंत्र आलं तेव्हा मोडीत काढलेले शिशाच्या अक्षरांचे मूठभर खिळे बाबांनी मला खेळायला आणून दिले होते. मी माझं नाव जुळवलं आणि दोन्ही ‘एन’ (n) उलटे बसवले, त्यांचे झाले ‘यू’ (u). बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि तसंच छापून भिंतीवर लावलं. एरवी चूक म्हटली की त्यांना खपायची नाही. खानावळीच्या पाटीवर सुद्धा खिशातली पेन्सिल काढून चुकीच्या शब्दावर काट मारायचे आणि कडेला ते वेटोळं काढायचे, ‘काढून टाका’ची खूण. मालक बघत राहायचा आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सूप पिताना पाव कमी खा. माया आहे म्हणून एवढं बोलले, ती तशीच राहील.
तुझी,
ब्लांदीन

—

तूर, २१ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठोरं आहे. चुलीच्या धुराने पिवळं पडलं आहे, पण आहे.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. आता सांगूनच टाकतो. हौस नव्हती, ताई.

लढाई संपली त्या वर्षी तू आजीकडे होतीस. छापखान्यातल्या सोबत्यांनी समिती नेमली आणि बाबांना उभं करून जाब विचारला. वास्कालची पुस्तकं तूच जुळवलीस ना? बाबा हो म्हणाले. वास्कालचं हस्ताक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते बाबांशिवाय कोणाला लागायचं नाही, म्हणून त्याचं प्रत्येक पुस्तक त्यांच्याकडेच यायचं. त्यांनी बाबांना यंत्रावरून उठवलं आणि हातात झाडू दिला. शाळेत पोरांनी मला बडवून काढलं. नाक फुटलं, सदरा फाटला. संध्याकाळी मी जेवायला बसेना. आईने किती समजावलं. तेव्हा बाबा माझ्या ताटलीत सूप वाढता वाढता म्हणाले, “मी त्यात एक चूक ठेवली आहे. ज्याला दिसायची त्याला दिसेल.” मी जेवलो. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि ते गेले.

ती चूक मला हवी होती. कुठल्या पुस्तकात ते सांगितलं नव्हतं, म्हणून मी त्या छापखान्यात छापलेलं त्या लोकांचं सगळंच घेत सुटलो. दिवसभर टपाल कचेरीत पत्रं लावायची आणि घरी येऊन पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची, हा माझा संसार. खोटं कशाला बोलू, मधे मधे जमवायचंच व्यसन लागलं होतं. दुकानदार मला त्यांच्यातलाच समजायचे. एकदा पॅरिसला लिलावात एका कोट-टायवाल्या म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आपण आता थोडेच उरलो, असं डोळे भरून सांगितलं. वर त्यांच्या कुठल्या पुण्यतिथीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. मी तूरपर्यंत तो हात मांडीवर वेगळा ठेवून आलो.

वास्कालची पाच पुस्तकं. चार वाचून झाली, एकातही काही नाही. पाचवं ‘शिस्तीची बाग’. सगळ्या प्रती लढाईनंतर लगद्यात गेल्या होत्या. एक उरली होती, ती या उन्हाळ्यात मिळाली. कोरी आहे, पानांच्या जोडलेल्या कडासुद्धा कोणी कापलेल्या नाहीत. दुकानदाराने बजावलं की सुरी लावाल तर पुस्तकाच्या किमतीची माती होईल. लावायला तर मी ते घेतलं होतं! पण घरी आणून बघतो तर माझ्या डोळ्यांपुढे मुंग्या. आता ते उशाशी पडून आहे. मादाम रुल्योंना वाचायला सांगायची लाज वाटते. दुसरं कोण आहे मला?

लोभ आटला असेल, तरी तळाशी थोडा ठेव.
तुझा,
ऑक्ताव्ह

—

ब्रीव्ह, २६ ऑक्टोबर १९९७

चि. ऑक्ताव्ह यास,
आशीर्वाद.

वेड्या, हे आधी सांगता येत नव्हतं? इतकी वर्षं मी तुझ्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं. फिर्मँने तर तुझ्याकडे जेवायला यायचंच सोडलं होतं. तो गेला तेही हेच मनात घेऊन. त्याचं मला फार लागलं आहे, आणि राग तुझ्यावर धरू की स्वतःवर, तेच कळत नाही.

आणि बाबा अन् चूक? खानावळीच्या पाटीवरची चूक ज्यांना घास गिळू देत नव्हती, ते पुस्तकात मुद्दाम ठेवतील? माझं मन घेत नाही. पण मन कोणाचं कोणाला कळलं आहे.

पाठव ते पुस्तक. वाचते. त्या माणसाची एक ओळ डोळ्यांखालून घालायची नाही असं ठरवलं होतं, आता अख्खी बाग फिरते. माझी एकच अट. चूक सापडो न सापडो, मी येण्याआधी ती सगळी पुस्तकं घराबाहेर जायला हवीत. तू शब्द दे.

अक्रोड पाठवते आहे, बेताने खा.
तुझीच,
ब्लांदीन

—

तूर, ३१ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शब्द दिला. पुस्तक सोबत आहे. पानं बोटाने फाडू नकोस, धार नसलेली सुरी घे आणि घडीत घालून हळू ओढ. घाई केलीस तर मजकुरात चीर जाईल.

उद्या सगळ्या संतांचा सण, कबरींवर फुलं वाहायचा दिवस. शेवंतीची कुंडी घेऊन बाबांकडे जाणार आहे. त्यांनी मला दिलेली शिशाची ओळ आज शोधून काढली. मी त्यांचा डबा घेऊन छापखान्यात जायचो तेव्हा ते यंत्राशी बसलेले असायचे. एकदा त्यांनी माझं नाव बटणांवर बडवलं आणि पलीकडून अख्खी ओळ ओतून बाहेर आली, एकसंध, गरम. हात भाजला तरी मी सोडली नाही. आता ती तुझ्या पत्रांवर वजन म्हणून ठेवतो.

तुला त्रास देतो आहे, कळतं. पण तू नाही म्हणाली नाहीस, यातच सगळं आलं.
तुझा,
ऑक्ताव्ह

—

ब्रीव्ह, ८ नोव्हेंबर १९९७

चि. ऑक्ताव्ह यास,
अनेक आशीर्वाद.

फिर्मँच्या अक्रोड फोडायच्या सुरीने पानं कापली. कापताना कागदाचा भुसा मांडीवर पडतो आणि जुन्या कपाटासारखा वास येतो. रोज सकाळी थोडं वाचत गेले. एका दमात जमलं नसतं.

गोड लिहितो मेला, हेच तर दुःख आहे. वाईट लिहीत असता तर कोणी ऐकलं नसतं. नासपतीच्या झाडाच्या फांद्या भिंतीला बांधून वाढवतात, तसं देशालाही बांधून वाढवावं, असं काय काय. वाचता वाचता एकदा मी मान डोलावली आणि मग उठून तोंड धुऊन आले.

शेवटाकडे ते वाक्य आहे. मुलं हसत जर्मनीला जातील. मी पुस्तक मिटलं, चहा केला, तो निवला. मग पुन्हा उघडलं.

ऑक्ताव्ह, सापडली. त्याच वाक्यात आहे. ‘हसत’ या शब्दातलं ‘एन’ अक्षर उलटं बसलं आहे, त्याचं ‘यू’ झालं आहे. शब्दाला काही अर्थच उरलेला नाही. बाकी पुस्तक धुतल्या तांदळासारखं आहे, एक टिंब इकडचं तिकडे नाही. फक्त तेवढं एक अक्षर. बाबा म्हणाले ते खरं होतं. आता तू शांत झोप. पुस्तकं काढून टाक आणि डोळ्यांना विसावा दे.

मी सामान बांधायला घेते.
आहे तो जीव तुझ्यावर आहे.
ब्लांदीन

—

तूर, १३ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आलं. तीनदा वाचलं. लहान पोरासारखा रडलो. मादाम रुल्यो धावत आल्या, त्यांना वाटलं की डोळे गेले. त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी बाटली उघडली, डॉक्टरांना न विचारता मीही घेतली. बाबांच्या नावाने प्यालो.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र इतर पत्रांत ठेवून त्यावर ती शिशाची ओळ ठेवायला गेलो. ती हातात होती आणि समोर भिंतीवर तुझं चिठोरं.

ताई, खिळा उलटा बसतो तो हाताने जुळवताना. सुटा असतो म्हणून बसतो. ते खिळे तर यंत्र आलं तेव्हाच मोडीत गेले, तुझ्या खेळण्यात आले. वास्काल यंत्रावर जुळवलेला आहे. तिथे ओळ एकसंध ओतलेली असते. त्यात चुकीचं बटण दाबलं जाईल, अक्षर गळेल, अख्खी ओळ उलटी लागेल. पण एकट्या एका अक्षराला डोक्यावर उभं राहता येत नाही. ते उलटं ‘एन’ बाबांचं नाही. जगात ते एकाच माणसाने बसवलं आहे आणि ते या स्वयंपाकघरात लावलेलं आहे.

मी रागावलो नाही. खरं सांगतो, पाठीवरचं पोतं कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं आणि मग फार थकवा आला. तिथेच खुर्चीवर दुपारपर्यंत बसून राहिलो.

म्हणजे पुस्तकात चूक नाही. एकही नाही. बाबांनी ते वाक्य तुझ्या फिर्मँसकट, तूरच्या फलाटासकट, चोख जुळवलं. ‘चूक नाही’ ही आपल्या घरातली सगळ्यात मोठी शाबासकी होती, आठवतं? आणि त्या संध्याकाळी पोराने दोन घास खावेत म्हणून ते खोटं बोलले. मी ते खरं धरून जन्म काढला. त्यांचा दोष नाही. बाराव्या वर्षी मला तेच हवं होतं. चौसष्टाव्या वर्षीही तेच हवं होतं, आणि ते तुला कळलं.

इतक्या पुस्तकांत जी चूक धुंडाळली, ती शेवटी माझ्यासाठी तू केलीस. मला पुरली.

पुस्तकं गेली. गावच्या ग्रंथालयातल्या दोघी बायका गाडी घेऊन आल्या होत्या. तळघरात ठेवू म्हणाल्या, अभ्यासाला लागतात अशीही पुस्तकं. धुळीने शिंका देत देत त्यांनी सगळी नेली. भिंतीवर तेवढे चौकोन उमटले आहेत, ते तू आल्यावर रंगवू. पाचवं तुझ्याकडे आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

ये आता. लोभ मोजायचे दिवस गेले.
तुझा,
ऑक्ताव्ह

—

ब्रीव्ह, १८ नोव्हेंबर १९९७

चि. ऑक्ताव्ह यास,
अनेक आशीर्वाद.

मला मेलीला यंत्रातलं काय कळतं! खोटं बोलायचं तर निदान नीट चौकशी करून बोलावं, एवढीही अक्कल नाही. बाबा असते तर पुन्हा डोळे पुसत हसले असते.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते देवाला ठाऊक. वाटायचं, एखादी मात्रा तरी हललेली असेल. नाही रे. बाबांनी काही हलू दिलं नाही. मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी मोठ्याने, रिकाम्या घरात. मग तोही ओसरला, कारण ते झाडू घेऊन उभे असलेले डोळ्यांपुढे आले.

पुस्तक मी आणते आहे. ते टाकवेना. पण आणण्याआधी एक काम केलं. फिर्मँच्या खणात सुताराची पेन्सिल होती, तिला टोक केलं आणि ‘हसत’ या शब्दावर काट मारली. कडेला बाबांचं ते वेटोळं काढलं. पहिलं जरा वाकडं आलं, म्हणून खोडून पुन्हा काढलं. आता वाक्य असं आहे की आमची मुलं जर्मनीला जातील. एवढंच खरं होतं, तेवढंच ठेवलं आहे. पेन्सिल मी दाबून चालवली आहे, तुला बोटाने चाचपून कळेल.

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघते. व्हिएर्झोंला गाडी बदलायची आहे, पिशव्या जड आहेत, तेव्हा तूरच्या फलाटावर मादाम रुल्योंना घेऊन ये. तुला मी दिसणार नाही, पण मी हाक मारीन. शेगडी पेटवून ठेव आणि सूप कर, कांदापातीचं.

बाकी भेटीत, आणि नंतर रोजच.
तुझी ताई,
ब्लांदीन
(दोन्ही ‘एन’ सुलटे, तपासून घेतले आहेत.)